पलीकडे नेणारं गाणं

डेंग्यूचा ताप उतरला, पण अंगात त्राण उरलं नव्हतं. वाचवत नव्हतं, प्रार्थनेतही मन लागत नव्हतं. लेकीने मोबाइलवर सायमन आणि गारफंकेल यांचं ‘ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर’ लावून दिलं. १९७०चं गाणं. सुरुवातीला पियानो आणि गारफंकेलचा जपून लावलेला आवाज. ड्रम्सचा गजर येतो तो थेट शेवटच्या कडव्यात. उशाशी बसलेल्या माणसाने बोलायची घाई करू नये, तसं.

पॉल सायमन ज्यू घरातला. पण या गाण्याचं बीज त्याला मिळालं क्लॉड जीटर या गॉस्पेल गायकाच्या एका ओळीतून. ती ओळ ज्या गीतातली, ते बेथानीच्या मरियेला उद्देशून आहे, भाऊ लाजर गेला म्हणून रडणाऱ्या. योहानाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात तिचे अश्रू पाहून येशूही रडतो, लाजराला उठवायला निघालेला असूनही. तो अध्याय मी कितीदा वाचलाय, पण तो रडला यावर असा कधी थांबलो नव्हतो.

गाण्यात ख्रिस्ताचं नाव नाही. मला तो ऐकू आला, ही माझी श्रद्धा की गाण्यात मुरलेलं काही? बहुधा दोन्ही. ज्याचा विश्वास नाही त्यालाही हे गाणं तितकाच धीर देतं, याचं मला बरं वाटतं. पुलाला स्वतःला पलीकडे जायचं नसतं. आणि जाणाऱ्याचा धर्म तो कशाला विचारील?