माथेरानची तांबडी वाट

माथेरानला जाऊन काय काय पाहिले, असे कोणी विचारले की माझी पंचाईत होते. आमच्या शेजाऱ्यांनी म्हणे एका दिवसात चौदा पॉइंट उरकले होते! आम्ही चौघे, म्हणजे मी, ही, चिरंजीव आणि आई, २०२४ च्या मे महिन्यात दोन दिवस राहून आलो आणि पाहिला तो धड एकच पॉइंट.

नेरळहून छोट्या गाडीने निघालो. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने बांधलेली ही गाडी १९०७ साली वर पोहोचली. रुळांची रुंदी अवघी दोन फूट. २००५ च्या जुलैतल्या पावसाने हा मार्ग पार उखडला होता. तो पुन्हा सुरू व्हायला २००७ उजाडले. वीस-एकवीस किलोमीटरला दोन-अडीच तास लागतात. चिरंजीव म्हणाले, "बाबा, उतरून चाललो तर आपण आधी पोहोचू." आईला मात्र घाई नव्हती. खिडकीशी बसून ती प्रत्येक वळण ओळखीचे असल्यासारखी पाहत होती.

ठाण्याचे कलेक्टर मॅलेटसाहेब १८५० मध्ये येथे चढून आले आणि गोऱ्यांना हा डोंगर ठाऊक झाला. माथ्यावरचे रान ते माथेरान, अशी व्युत्पत्ती सांगतात. मराठीचा मास्तर असल्यामुळे ती मीही सांगितली. कोणी ऐकली नाही. दस्तुरीपुढे पर्यटकांच्या मोटारींना मज्जाव आहे. गावात शिरले की घोड्यांच्या टापा, माकडांचा धुडगूस, चिक्कीची आणि चपलांची दुकाने, आणि दोन्ही अंगांना दाट झाडी. पायांखालची माती इतकी तांबडी की पांढरे मोजे घालून येणाऱ्याची कीव यावी.

आईला लुईझा पॉइंट पाहायचा होता. लग्नानंतरच्या वर्षी ती दादांबरोबर तेथे आली होती. दादा जाऊन आता सहा वर्षे झाली. तिचे गुडघे चालू देईनात, घोड्याचे नाव काढताच ती हसली. ई-रिक्षा आल्या होत्या, पण मोजक्याच, आणि त्या दस्तुरीच्या वाटेवर. उरली माणसांनी ओढायची रिक्षा. माझ्या मनाला ते रुचेना. पण आईला तेथवर नेल्याशिवाय परतणेही जिवावर येत होते. शेवटी मी दर ठरवला आणि उगाच घासाघीसही केली नाही, हेच काय ते माझे पुण्य.

पुढे ओढणारा पन्नाशीचा, मागे ढकलणारा पोरगेलासा. शार्लोट तलावापर्यंत ठीक चालले. पुढे चढ लागला, आणि पुढच्या माणसाचा श्वास आम्हां मागून चालणाऱ्यांनाही ऐकू येऊ लागला. आई म्हणाली, "थांबवा हो." आणि उतरली. रिक्षाचा दांडा धरून चार पावले चाललीसुद्धा.

तो माणूस थांबला. घाम पुसत म्हणाला, "आजी, तुम्ही उतरलात म्हणून माझं ओझं कमी व्हायचं नाही. लोक बघतील आणि म्हणतील, याला आता ओढवत नाही. मग उद्या मला कोण बोलावणार? बसा."

आई माझ्याकडे पाहू लागली. एरवी वर्गात तासभर अडखळत नाही, पण मला एक शब्द सुचला नाही. आई बसली. पदराने तोंड अर्धे झाकून घेतले, तो उन्हासाठी असावा असे मी तेव्हा समजलो.

लुईझा पॉइंटवरून समोर प्रबळगड दिसतो. खालची दरी दुपारच्या उन्हात निळसर झाली होती. वारा इतका की चिरंजीवांची टोपी दोनदा पळाली. आई कठड्यापाशी बराच वेळ उभी होती. नंतर तिने पिशवीतून लाडवांचा डबा काढला, पहिला लाडू त्या माणसाला दिला, दुसरा त्या पोराला आणि मग आम्हांला. परतीच्या वाटेवर ती मुकाट्याने बसली. दुसऱ्या दिवशी कोणताही पॉइंट पाहायला ती निघाली नाही. व्हरांड्यातच बसून राहिली.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये वर्तमानपत्रात बातमी आली. माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला होता. मी ती आईला मोठ्याने वाचून दाखवली. तिने चष्मा काढला, काचा पुसल्या, आणि विचारले, "त्याला मिळेल का रे? त्या थांबलेल्याला?"

त्याचे नाव विचारायचे मला सुचलेच नव्हते.