आजोबांची ट्रंक

कोरपन्याच्या आमच्या घरात आजोबांची हिरवी पत्र्याची ट्रंक माझ्या जन्माच्या आधीपासून आहे. आजोबा यवतमाळकडच्या फ्री मेथॉडिस्ट मिशनचे प्रचारक. त्यांचे धाकटे भाऊ पाळक झाले, पुढे माझे काकाही. बाबा तेवढे शाळामास्तर झाले आणि नोकरीपायी पैनगंगा ओलांडून इकडे आले. सामानाच्या पहिल्याच खेपेत ती ट्रंक आली, कारण तिच्याशिवाय आजी यायला तयार नव्हती.

लहानपणी ट्रंक म्हणजे माझी अभ्यासाची बैठक. उघडायची मात्र बंदी. पावसाळा संपून आश्विनातले ऊन तापले की आजी ती स्वतः उघडायची. अंगणात खाट टाकून त्यावर एकेक कागद पसरायची, वाऱ्याने उडू नये म्हणून खडे ठेवायची. संध्याकाळी कडुलिंबाचा वाळलेला पाला मध्ये घालून सगळे पुन्हा आत. आमच्या काळ्या मातीच्या भागात वाळवी घराच्या वाशांनाही सोडत नाही, तिथे हे कागद टिकले ते आजीच्या या उन्हामुळेच. प्रवचनांची टिपणे, मिशनच्या पगाराच्या चिठ्ठ्या, ‘ज्ञानोदया’चे सुटे अंक, पाने निसटलेले ‘उपासनासंगीत’ हे गीतांचे पुस्तक, बाप्तिस्म्याच्या नोंदींची एक लांबट वही. काकांनी एकदा हा पसारा कमी करायचे काढले, तेव्हा आजी म्हणाली, “यातलं काही जाळू नोको बाप्पा. लोकायचे जन्म हायेत याच्यात.”

ते खरेच होते. वणीकडचे एक म्हातारे गृहस्थ आमचे घर शोधत आले होते. त्यांना आपले वय ठाऊक नव्हते. आजीने वही काढली, बोट फिरवत त्यांचे नाव शोधले आणि साल वाचून दाखवले. ते बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिले. मग आईचे नाव कुठे लिहिले आहे, ते त्यांनी विचारले.

कॉलेजात ‘स्मृतिचित्रे’ हाती आले आणि या ट्रंकेकडे मी नव्याने पाहू लागले. लक्ष्मीबाई टिळकांचे ते आत्मचरित्र 1934 पासून भागाभागाने निघाले. 1936 साली त्या गेल्या, तेव्हा उरलेला शेवट मुलगा देवदत्त यांनी लिहून काढला. नातू अशोक टिळक यांनी पुढे त्याची साक्षेपी आवृत्ती सिद्ध केली. त्यांचे पती, कवी रेव्हरंड टिळक 1919 सालीच गेले होते, ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे ठेवून. तेही लक्ष्मीबाईंनीच पुरे केले. लग्न झाले तेव्हा अक्षरओळख नसलेल्या बाईने हे सगळे केले. कवी मोठा होताच, पण त्याच्या घरात बायको, मुलगा आणि नातू अशा तीन पिढ्या कागदांपाशी बसल्या नसत्या, तर तो माणूस आपल्याला इतका जवळून कळलाच नसता, असे माझे ठाम मत आहे.

आणि या गोष्टीचा एक धागा आमच्या विदर्भातूनच जातो. टिळक नागपूरला श्रीमंत बुटींच्या आश्रयाने होते. तिथून 1893 साली राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात त्यांना एक युरोपीय वाटणारा गृहस्थ भेटला. त्याने कवितेवर गप्पा मारल्या, नवा करार हाती दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे सांगितले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. तो गृहस्थ म्हणजे फ्री मेथॉडिस्ट मिशनरी अर्नेस्ट वॉर्ड, असे अभ्यासक सांगतात. वॉर्ड आणि त्यांची पत्नी फीबी 1881 साली अमेरिकेहून आले, बऱ्हाणपूर आणि एलिचपूरकडे राहिले. त्यांची मुलगी एथेल हीसुद्धा मिशनरी झाली आणि आईवडिलांचे चरित्र तिनेच लिहिले. वॉर्ड यांच्या रोजनिश्या आज केंटकीतल्या अ‍ॅस्बरी सेमिनरीत सांभाळलेल्या आहेत. आमच्या वऱ्हाडातली गावे, इथले दुष्काळ, इथली माणसे तिकडे इतक्या दूर जपून ठेवलेली आहेत. त्याच मिशनच्या पदरी खेड्यापाड्यांतून पायी हिंडलेल्या मराठी प्रचारकांचे कागद मात्र घराघरांतल्या ट्रंकांत पडून आहेत, आणि बऱ्याच घरांतून ते गेलेही असतील. याचे मला फार वाईट वाटते.

आजी गेल्यावर ट्रंक माझ्याकडे आली. आता उन्हाचे काम मी करते. आजोबांची प्रवचने मी मनापासून वाचली. अक्षर सुंदर, विचार नेटका, पण ती कोणत्याही गावात, कोणत्याही रविवारी चालली असती. खरा ऐवज तळाशी होता, आजीच्या हिशेबाच्या वहीत. ज्वारीचा भाव, उसनी दिलेली तूरडाळ, पगार उशिरा आला तो महिना, तापाने फणफणलेल्या शेजारणीच्या लेकरासाठी आणलेल्या कोयनेलच्या गोळ्या, आजोबा दौऱ्यावर असताना दारी आलेल्यांची नावे. कोण कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा, हे कुठेही नाही. किती भाकरी लागल्या, ते आहे. मिशनचे काम गावात कसे चालले, हे मला प्रवचनांपेक्षा या वहीतून जास्त कळले. आजीला कुणी कधी प्रचारक म्हटले नाही, मिशनच्या पगाराच्या चिठ्ठ्यांवर तिचे नाव नाही. माझ्या दृष्टीने मात्र त्या घराण्यातली पहिली सेवक तीच.

आता एकेका पानाचा फोटो काढून ठेवते आहे. फाटक्या घडीला चिकटपट्टी लावत नाही, कारण तिचा डिंक कागद खातो. नोंदवहीत ज्यांची नावे आहेत, त्यांच्या नातवंडांपैकी जे सापडतील त्यांना त्यांचे पान पाठवते. फोटोंचे मात्र अवघड आहे. मिशनच्या आवारात ओळीने उभे असलेले कितीतरी चेहरे आहेत, आणि त्यांना ओळखणारी आजी आता नाही.

तुमच्या घरात पाळकाची, मास्तरांची, पटवाऱ्याची, कुणाचीही अशी ट्रंक असेल, तर ती रद्दीवाल्याला देण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवा. एकेक फोटो त्यांच्या हातात द्या आणि ते सांगतील ती नावे मागच्या बाजूला पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहून घ्या. बायकांच्या वह्या आधी पाहा.