सरावातला चेंडू आणि सामन्यातला चेंडू

आमच्या वसईच्या पट्ट्यात क्रिकेट कोणाला शिकवावे लागत नाही. भातकापणी आटोपली की मोकळ्या शेतात स्टंप रोवले जातात आणि धर्मग्रामाच्या मैदानावर रविवारच्या मिस्सेनंतर संघ पडतात. प्रत्येक गावात असा एखादा फलंदाज असतोच, की ज्याला मंडळी 'नेटमधला शेर' म्हणून ओळखतात. सरावाच्या जाळीत त्याच्या बॅटीचा नाद ऐकत राहावा. सामन्याच्या दिवशी मात्र हे गृहस्थ तिसऱ्या-चौथ्या चेंडूला पॅड काढायला परत. लोक हसतात आणि 'घाबरतो' असे निदान करून मोकळे होतात. हे निदान आम्हांला कधी पटले नाही. मुलींच्या सॉफ्टबॉलशी आमचा संबंध आल्यापासून तर ते अगदीच अपुरे आहे, अशी आमची खात्री झाली आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही अशा वाचकांसाठी दोन शब्द. १८८७ साली अमेरिकेतील शिकागो शहरात, एका क्लबाच्या बंद दालनात, मुष्टियुद्धाचा हातमोजा गुंडाळून केलेला चेंडू आणि झाडूचा दांडा एवढ्या साहित्यावर या खेळाचा जन्म झाला. आज आपल्या महाराष्ट्रातील शालेय स्पर्धांतही तो खेळला जातो. चेंडूचा घेर १२ इंच. पिचर हात पवनचक्कीसारखा पूर्ण फिरवून कमरेजवळून, खालच्या हाताने चेंडू सोडते. मोठ्या मुलींच्या खेळात ती ४३ फुटांवर उभी असते, लहान मुलींच्या खेळात बहुधा ४० फुटांवर. क्रिकेटमधील फलंदाज चांगला चेंडू नुसता अडवून दिवसभर उभा राहू शकतो. येथे ती सोय नाही. तीन स्ट्राईक झाले की मुलगी बाद. आणि चेंडू टप्प्यात नसूनही तिने बॅट फिरवली व तो हुकला, तर तोही स्ट्राईकच. चार 'बॉल' सोडून दिले तर मात्र पहिला बेस फुकट मिळतो. म्हणजे या खेळात मारण्याइतकेच न मारण्याला मोल आहे.

आता ज्या मुलीमुळे हे लिहावेसे वाटले तिच्याविषयी. सातवीत होती. वडील फुलशेती करणारे, शब्दाला पक्के, मुलीच्या खेळासाठी पहाटेची कामे उरकून मैदानावर येणारे. सरावात तिची बॅट पाहून इतर मुली खेळ थांबवीत. हळू टाकलेले चाळीस चेंडू दिले तर पस्तीस ती कुंपणाकडे धाडी. जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेत तीन सामन्यांत सात वेळा तिची पाळी आली; पाच वेळा ती तिसऱ्या स्ट्राईकवर परतली आणि उरलेल्या दोन वेळा चेंडू पिचरच्याच हातात गेला. पुढच्या आठवड्यात ती आमच्याजवळ येऊन म्हणाली, "सर, मला संघात घेऊ नका. मी सरावाला येत जाईन." बारा वर्षांच्या मुलीने आपल्या आनंदाची जागा शोधून ठेवली होती : जेथे कोणी मोजत नाही ती. एकदा का मुलाने अशी वाटणी केली, की ती खेळापुरती राहत नाही. परीक्षा, गायन, वेदीसमोर वाचन, सगळीकडे ती पसरते. आमचा जीव कळवळला तो त्या सात पाळ्यांसाठी नव्हे.

तिला भीती वाटत होती, हे खरे. पण भीती नंतर आली. आधी काय घडत होते, ते सरावाच्या रीतीतच पाहावे लागते. शाळा-शाळांतून चालणारा सराव असा : आठ-दहा पावलांवरून एखादा प्रेमळ हात चेंडू टाकतो, प्रत्येक चेंडू पोटाच्या उंचीवर, एकाच वेगाने, एकामागून एक. पाचव्या चेंडूपर्यंत मुलीच्या अंगाला ताल सापडतो आणि पुढचे पस्तीस ती जवळजवळ डोळे मिटून मारू शकते. हा सराव वाया जातो असे नाही. बॅट कशी फिरवावी हे त्यातून येते. पण 'फिरवावी की नाही' आणि 'केव्हा', हे दोन प्रश्न त्या चाळीस चेंडूंत एकदाही विचारले जात नाहीत. सामना मात्र प्रथम तेच विचारतो.

थोडा हिशेब करू. ताशी ७२ किलोमीटर वेगाचा चेंडू सेकंदाला ६६ फूट जातो. पिचर एक लांब पाऊल पुढे टाकून चेंडू सोडते, म्हणून ४० फुटांतले सुमारे ३५ फूटच उरतात. म्हणजे जेमतेम अर्धा सेकंद. त्यातला पाचवा हिस्सा सेकंद बॅट फिरविण्यातच जातो. जे उरते त्यात पाहणे, ओळखणे आणि ठरविणे. उघड आहे, की चेंडू अर्ध्या वाटेवर आल्यावर ओळखू पाहणारी मुलगी उशीर करणारच. ओळख पिचरच्या अंगावरून, तिच्या खांद्यावरून, कमरेजवळ चेंडू सुटतो त्या क्षणावरून व्हावी लागते.

हे किती खरे आहे याचा एक गमतीदार पुरावा आहे. २००४ साली अमेरिकेत एक मैत्रीपूर्ण सामना झाला. जेनी फिंच ही सॉफ्टबॉलची पिचर. त्याच वर्षी अथेन्स ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळविणाऱ्या संघात ती होती. तिच्यासमोर अल्बर्ट पुहोल्स हा बेसबॉलमधला नामांकित फलंदाज उभा राहिला. ताशी १४५ किलोमीटरचे चेंडू रोज टोलावणारा हा माणूस तिच्या त्याहून हळू चेंडूंवर तीन स्ट्राईकनी बाद झाला. खालून सुटणाऱ्या हाताची भाषा त्याच्या डोळ्यांनी कधी वाचलीच नव्हती. पुहोल्ससारख्याची ही गत. मग आमच्या सातवीतल्या मुलीला भित्री कसे म्हणावे?

तेव्हा सरावच बदलला. आमच्या शाळेत हात पूर्ण फिरवून टाकणारी एकच पिचर होती आणि तिचा खांदाही जपायचा होता. म्हणून तिच्या मोजक्या वीस चेंडूंसमोर मुलींनी बॅट खांद्यावर ठेवून नुसते उभे राहायचे आणि चेंडू हातातून सुटताच 'हो' किंवा 'नाही' असे मोठ्याने म्हणायचे, असा पाठ ठेवला. पहिल्या दिवशी आमच्या या मुलीचे 'हो' कॅचरच्या हातात चेंडू पोहोचल्यावर उमटत होते. "सर, चेंडू दिसतच नाही." "दिसतो, बाय. पण तू त्याची वाट प्लेटपाशी पाहतेस. त्याला घरून निघताना पाहा." तिसऱ्या आठवड्यात तिचे 'नाही' चेंडू अर्ध्या वाटेवर असताना येऊ लागले.

उरलेला सराव आमच्या हाताने. ४० फुटांवरचा वेग आमच्या वयाला झेपण्यासारखा नाही. पण अंतर पाऊण केले की पाऊण वेग पुरतो, फलंदाजाला वेळ तेवढाच मिळतो. समोर जाळी लावून तीस फुटांवरून आम्ही टाकू लागलो : एक जलद, दोन हळू, एक मुद्दाम बाहेर, मग पुन्हा जलद. मुलींचे मार निम्म्यावर आले आणि तक्रारी सुरू झाल्या. याविषयी १९९४ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. महाविद्यालयीन बेसबॉलपटूंना सहा आठवडे जादा सराव दिला गेला. एका गटाला प्रत्येक प्रकारचे चेंडू सलग, दुसऱ्याला तेच चेंडू मिसळून. शेवटी सलग सराव करणाऱ्यांची सुधारणा सुमारे २५ टक्के, मिसळून करणाऱ्यांची सुमारे ५७ टक्के भरली. सरावात देखणे दिसते तेच अंगी मुरते, असे नाही.

आणखी एक फरक सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. सरावात चाळीस चेंडू ओळीने मिळतात. सामन्यात मुलगी क्षेत्ररक्षण करते, बाकावर बसते, वीस-पंचवीस मिनिटांनी एक पाळी येते आणि अंग थंड असतानाच सर्व काही करायचे असते. म्हणून सराव चालू असता मध्येच तिला लांबच्या कोपऱ्यातून हाक मारायची, हेल्मेट घालायला लावायचे आणि सांगायचे : दोन स्ट्राईक झाले आहेत, तिसऱ्या बेसवर धावणारी आहे. ही एकच पाळी, मग पुन्हा मैदानात. आपली पाळी येण्याआधी बाकावर बडबड न करता पिचरचा हात पाहत राहणे आणि तिच्या तालावर मोकळी बॅट हलविणे, एवढे एक काम त्यात जोडले.

प्लेटजवळ जाताना ती क्रुसाची खूण करीत असे. आमच्या एका सहकाऱ्यांना त्याचे फार कौतुक. आम्हांला जरा धास्तीच होती. कारण तिसऱ्या स्ट्राईकनंतर देवानेही आपल्याला टाकले असे मुलाच्या मनात येऊ नये. तिला विचारले, तर म्हणाली, "मार बसावा म्हणून." आम्ही एवढेच सांगितले, की समोरची पिचरही कोणत्या तरी देवाची लाडकी असेल. ती हसली. खूण तिने सोडली नाही. त्यानंतर एक लांब श्वास सोडून बॅटीवरच्या एका ठिपक्याकडे पाहायचे आणि मग आत पाऊल टाकायचे, असा क्रम मात्र तिचा तिनेच बसविला. संत पौलाने करिंथकरांना धावपटू आणि मुष्टियोद्ध्यांचे दाखले दिले, ते आपल्याकडे उपदेशात वारंवार येतात. पण त्या बक्षिसाचा आणि जिल्ह्याच्या ढालीचा संबंध लावण्याची घाई पालकांनी करू नये, असे आमचे नम्र मत आहे.

पालकांचा विषय निघालाच आहे, तर सर्वांत अवघड भाग तोच. कुंपणापलीकडून वडील ओरडत : "कोपर वर! नजर चेंडूवर! पाय टाक!" अर्ध्या सेकंदात तीन आज्ञा, त्याही ज्या माणसाला ती सर्वाधिक मान देते त्याच्या. घरी जाताना स्कूटरवर सातही पाळ्यांची उजळणी होई. आम्ही त्यांना एका संध्याकाळी चहाला बोलावले आणि वही पुढे ठेवली. तिच्यात मार किती बसले याचा रकाना नव्हता. चांगल्या चेंडूला बॅट फिरवली का, वाईट चेंडू सोडला का, एवढे दोनच रकाने. "पुढच्या सामन्यात हे तुम्ही लिहायचे," आम्ही म्हटले. "पण सर, बोलायचे नाही का?" "लिहिणाऱ्याला बोलायला सवड कोठे असते!" ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "माझ्या बापाने माझा एकही सामना पाहिला नाही. मला वाटे, मी पाहतो हेच तिला पुरेल." यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते, आणि त्यांनी मागितलेही नाही.

पुढच्या वर्षीच्या स्पर्धेत आमचा संघ दोनच सामने खेळला. तिच्या वाट्याला पाच पाळ्या आल्या. दोनदा तिसऱ्या स्ट्राईकवर बाद, एक जोरदार मार सरळ क्षेत्ररक्षिकेच्या हातात, एक स्वच्छ मार दोन बेसचा. आणि एकदा तीन बॉल, दोन स्ट्राईक झाले असता सहावा चेंडू गुडघ्याखालून आला. तिने बॅट अर्धी आणून थांबविली आणि तो जाऊ दिला. पंचांनी पहिल्या बेसकडे हात केला. वडिलांच्या वहीत त्या चेंडूपुढे दोन फुल्या आहेत. नियमाप्रमाणे एकच हवी होती.

सध्या ती आठवीत आहे आणि तिला पिचिंग शिकायचे आहे. फलंदाजाला काय दिसत नाही हे आपल्याला ठाऊक आहे, असे तिचे म्हणणे. घराच्या मागल्या भिंतीवर तिने खडूने चौकोन आखला असून, गिलावा पडू लागल्याची तक्रार वडिलांनी गेल्या रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर आमच्याकडे केली.