टूसॉन, आधी तुझा डोंगर

प्रिय टूसॉन,

दिवाळी उलटली की भारतातून पाहुण्यांचे फोन येऊ लागतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तुमच्याकडून ग्रँड कॅन्यन एका दिवसात होईल ना गं?" नाही होत. साउथ रिमपर्यंत एका बाजूने साडेपाच तास, म्हणजे अकरा तास गाडीत आणि काठावर उभं राहायला जेमतेम दीड तास. तिथे मुक्कामालाच जावं. पण ॲरिझोनात तुझ्या दारी उतरलेल्या माणसाने तुला नुसता विमानतळ समजून पुढे पळावं, हे मला मनापासून खटकतं. पत्र तुला लिहितेय, पण वाचावं त्यांनी.

तुझ्याभोवतीची एका दिवसाची सहल आखताना मैल फारसे कामाचे नाहीत. बघायची ती उंची आणि वेळ. तू समुद्रसपाटीपासून साधारण ७३० मीटरवर वसलेलं, आणि तुझ्या उत्तरेच्या सांता कॅटलिना रांगेतलं माउंट लेमन २,७९१ मीटरवर. मध्ये सुमारे ४३ किलोमीटरचा घाट. जूनमध्ये खाली पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा वर पंधरा-सोळा अंशांनी कमी असतो. चढ सुरू होताना दोन्ही अंगांना सग्वारो निवडुंग उभे असतात. थोडं वर गेलं की थंडी न सोसणारे हे निवडुंग एकाएकी संपतात आणि गवताळ उतार, ओक लागतात. विंडी पॉइंटपाशी कड्यांचे सुळके आणि खाली पसरलेलं सगळं शहर दिसतं. तिथून पुढे पाइन, मग फर आणि ॲस्पेन. सारा प्लमर लेमन ही वनस्पतिशास्त्रज्ञ १८८१ साली इथल्या वनस्पती गोळा करत शिखरावर पोचली होती. डोंगराला नाव तिचं आहे, हे ऐकल्यावर माझ्या मावशीने फलकासमोर उभं राहून फोटो काढायला लावला.

या रस्त्यावर सातव्या मैलाच्या आसपास गाडी थांबवावीच, असं माझं ठाम मत आहे. हा घाट १९३३ ते १९५० या काळात मुख्यतः कैद्यांनी बांधला, आणि त्यांची छावणी इथे होती. दुसऱ्या महायुद्धात सरकारने जपानी वंशाच्या अमेरिकनांवर संचारबंदी लादली, त्यांना घरांतून उठवून छावण्यांत नेलं. सिॲटलमधल्या गॉर्डन हिराबायाशी या विद्यार्थ्याने ते हुकूम पाळायला नकार दिला. १९४३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्याविरुद्ध निकाल दिला. शिक्षा भोगायला तुझ्याकडच्या याच कैद्यांच्या छावणीत यायचं होतं, पण सरकार प्रवासखर्च देईना. मग तो रस्त्यावर अंगठा दाखवत, मिळेल त्या गाडीने इथवर आला. पोचला तेव्हा अधिकाऱ्यांना त्याचे कागदच सापडेनात! सुटून जायची आयती संधी होती, तरी तो गेला नाही. त्याची शिक्षा १९८७ मध्ये पूर्णपणे रद्द झाली. १९९९ पासून या जागेला त्याचं नाव आहे. देखाव्यासाठी आलेल्या पाहुण्यांना हे सांगितल्याशिवाय मी पुढे नेत नाही, कारण ज्या रस्त्यावरून आपण गार हवा खायला जातो तो कुणाच्या हातांनी झाला, हे ठाऊक असायला हवं.

माथ्याजवळचं समरहेवन गाव २००३ च्या वणव्यात बरंचसं जळालं. २०२० मध्ये रांग पुन्हा पेटली. काळे पडलेले बुंधे दिसतात, आणि त्यांच्यामधून वर येणारे कोवळे ॲस्पेनही. गाडीची टाकी मात्र खालीच भरून घ्यावी.

पश्चिमेकडच्या सग्वारो राष्ट्रीय उद्यानात सूर्योदयाला पोचावं, नाहीतर दुपार कलल्यावर. भर दुपारी कधीच नाही. या निवडुंगाला पहिला फाटा फुटायला पन्नास-साठ वर्षं सहज लागतात, म्हणून फाटे असलेल्या झाडापाशी उभं राहताना वयाचा मान राखावा, आणि पायवाट सोडून त्याच्या मुळांवर चालू नये. जूनअखेरीस फळं पिकतात. इथले मूळनिवासी टोहोनो ओ'ओडम लोक सग्वारोच्याच वाळलेल्या कण्या जोडून केलेल्या लांब काठीने ती उतरवतात. रसापासून मद्य करतात आणि त्या विधीतून पावसाला बोलावतात. त्यांच्याच भूमीवर, शहरापासून अर्ध्या तासाच्या आत, सान हाविएर देल बाक हे १७९७ मध्ये पूर्ण झालेलं पांढरंशुभ्र चर्च आहे. उद्यानाला जोडून तेही पाहावं.

पाऊस खरोखर येतो, जुलै-ऑगस्टमध्ये. आपल्याकडची माणसं पावसाला घाबरत नाहीत, म्हणून त्यांनाच मी जास्त बजावते. इथले कोरडे ओढे, ज्यांना सगळे 'वॉश' म्हणतात, डोक्यावर थेंब नसतानाही दूरच्या डोंगरातल्या सरीने मिनिटांत भरून वाहतात. अडथळा ओलांडून गाडी पाण्यात घातली तर सुटकेचा खर्च चालकाकडून वसूल करायचा कायदाच या राज्यात आहे. त्या महिन्यांत सहल पहाटे निघावी आणि दुपारच्या ढगांआधी घरी यावी.

डिसेंबर-जानेवारीतल्या पाहुण्यांसाठी मात्र मी डोंगर मागे ठेवते, कारण बर्फ पडला की घाट बंद होऊ शकतो. तेव्हा आग्नेयेला दोन तासांवर व्हाइटवॉटर ड्रॉ ही पाणथळ जागा. उत्तरेकडून आलेले सँडहिल क्रेन पक्षी तिथे हजारोंनी उतरतात. उजाडताना ते थव्याथव्याने शेतांकडे चरायला जातात आणि दुपारच्या सुमाराला पाण्यावर परततात, त्यामुळे तुझ्याकडून काळोखातच निघावं लागतं. त्या मधल्या वेळात बिस्बी या तांब्याच्या खाणीच्या जुन्या गावात जेवण होतं, आणि डबा नेलेला असला तर तेवढंही थांबावं लागत नाही.

तुझी,
इथेच राहणारी एक मराठी बाई