पलटणीचे नाव

इतिहास फ्लोरा मॅकडोनाल्डला विसरत नाही. १७४६ साली, कलोडनच्या पराभवानंतर, तिने राजपुत्र चार्ल्सला दासीच्या वेषात स्काय बेटावर पोचविले. मला मात्र तिचा पती ॲलन अधिक ओळखीचा वाटतो. माझे वडीलही फौजेत होते म्हणून असेल. बदलीचा हुकूम आला की आई मुकाट्याने ट्रंका भरू लागे.

कर्जाने गांजलेले हे कुटुंब १७७४ मध्ये उत्तर कॅरोलिनात गेले. दोन वर्षे उलटतात न उलटतात तोच, मूर्स क्रीकच्या लढाईत, ॲलन कैद झाला. आणि लढला कुणासाठी? ज्या राजघराण्याविरुद्ध पत्नीने जीव धोक्यात घातला होता, त्याच्याचसाठी! याला खाल्ल्या मिठाला जागणे म्हणावे, की केवळ निरुपाय? मालमत्ता जप्त झाली. सुटकेनंतर तो ज्या पलटणीत अधिकारी होता तिचे नावच ‘रॉयल हायलँड एमिग्रंट्स’. देशांतर हेच जणू बिरुद. फ्लोरा नोव्हा स्कोशियाच्या थंडीत त्याच्यापाशी राहिली आणि १७७९ मध्ये त्याच्याविना परतीच्या प्रवासाला निघाली. दोन मुलगे समुद्राने गिळले. जॉन कंपनीच्या बंगाल इंजिनिअर्समध्ये दाखल झाला.

युद्ध संपल्यावर ॲलनला नोव्हा स्कोशियात जमीन मिळाली. ती वसवायला पैसा नव्हता. तोही स्कायला परतला.