एक घास

चिखली तालुक्यातील एका खेड्यात दर पहिल्या शुक्रवारी मी आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद देण्यास जातो. तेथील एका गृहस्थांना हंटिंग्टन हा मज्जासंस्थेचा आनुवंशिक विकार आहे. १८७२ साली जॉर्ज हंटिंग्टन या अमेरिकन डॉक्टरांनी वर्णन केलेला. एकदा मी नेहमीप्रमाणे अख्खी पवित्र भाकर त्यांच्या जिभेवर ठेवली. ती टाळ्याला चिकटली, त्यांचा श्वास कोंडला. मी पाण्याचा पेला घेऊन धावलो. त्यांच्या कन्येने तो बाजूला सारला, वडिलांना पुढे वाकवले आणि पाठीत थापा मारल्या, तेव्हा कोठे श्वास मोकळा झाला.

सेमिनरीत मी त्या संस्काराचे ईश्वरज्ञान शिकलो होतो. माणूस गिळतो कसा, हे मात्र त्या कन्येने शिकवले.

घास उतरताना स्वरयंत्र वर उचलले जाते आणि श्वासनलिकेचे द्वार क्षणभर मिटते. मेंदूची ही आज्ञा चुकली, की अन्न फुप्फुसाकडे वळते. आपल्याला ठसका लागतो. अशा रुग्णांना कित्येकदा तोही लागत नाही. पुष्कळांचा अंत न्यूमोनियाने होतो, तो यामुळेच. पाणी सर्वांत सोपे वाटते, पण तेच सर्वांत वेगाने घसरते. कोरड्या भाकरीचा भुगा घशात विखुरतो. दुधात कुस्करलेल्या भाकरीत पातळ आणि घट्ट एकत्र येतात, तेही अवघड. म्हणून त्या घरी वाचा-उपचारतज्ज्ञांच्या सल्ल्याने घट्ट आंबील आणि घोटलेली खिचडी असते. रुग्णाने ताठ बसायचे, लहान चमचा वापरायचा, पहिला घास उतरल्यावाचून दुसरा घ्यायचा नाही, जेवणानंतर अर्धा तास आडवे व्हायचे नाही.

ख्रिस्तसभेने या अडचणीचा विचार केलेला आहे. कणाएवढ्या तुकड्यातही ख्रिस्त संपूर्ण असतो. आणि १९८३ च्या कॅनन लॉचे ९२५ वे कलम गरज पडल्यास केवळ द्राक्षारसाच्या रूपात ख्रिस्तप्रसाद देण्यास मुभा देते. मात्र पातळ थेंबही कोणाला बाधू शकतो. म्हणून आधी रुग्णाचा घसा जाणून घ्यावा लागतो.

त्या दिवशी निघताना कन्येने अंगणात विचारले, "फादर, आजोबांना होते, बाबांना आहे. मला होईल का?" तिच्या लग्नाची बोलणी चालली होती आणि घराने हा आजार दडवला होता. या विकाराचे जनुक १९९३ साली सापडले. आईवडिलांपैकी एकाकडे ते असल्यास प्रत्येक अपत्याला ते मिळण्याची शक्यता निम्मी असते. रक्ततपासणीने ते कळते. परंतु जाणून घ्यायचे की नाही, हा निर्णय तिचा, आणि तोही समुपदेशनानंतरचा. मी तिला एवढेच सांगू शकलो. शिवाय हेही सांगितले, की १८ मे २०१७ रोजी पोप फ्रान्सिस यांनी व्हॅटिकनमध्ये अशा कुटुंबांना भेटीस बोलावले होते, आणि हा आजार यापुढे लपवला जाऊ नये, हाच त्या भेटीचा संदेश होता.

तिने अद्याप तपासणी केलेली नाही. पण गेल्या नाताळात ती वडिलांना घेऊन चर्चमध्ये आली आणि पहिल्याच बाकावर बसली. मी कणभर तुकडा त्यांच्या जिभेवर ठेवला. तो उतरेपर्यंत मी थांबलो. मागची सारी रांगही थांबली.