कोटोरचा तट

समुद्राकडून येणाऱ्याला कोटोर अगदी शेवटपर्यंत दिसत नाही. एड्रियाटिक सोडून जहाज मॉन्टेनेग्रोच्या बोका आखातात शिरतं, एक रुंद पाणी ओलांडून दुसऱ्यात जातं, आणि मग वेरिगेची सामुद्रधुनी येते. सर्वांत अरुंद जागी दोन किनाऱ्यांमध्ये जेमतेम 340 मीटर अंतर उरतं. काठावरच्या घरांच्या ओसरीतल्या खुर्च्या डेकवरून स्पष्ट दिसतात. ती ओलांडली की समोर पेरास्त गाव आणि गावापुढे पाण्यात दोन छोटी बेटं. त्यांतलं एक निसर्गाचं, दुसरं माणसांनी घडवलेलं. खडकाच्या एका टेकाडाभोवती दगड टाकून आणि जुनी जहाजं बुडवून लोकांनी तिथे देवीच्या देवळापुरती जागा तयार केली. दरवर्षी 22 जुलैला गावकरी आजही होड्या घेऊन जातात आणि बेटाभोवती दगड टाकतात. इथून जहाज उजवीकडे वळतं आणि आखाताच्या टोकाला, सरळ उठलेल्या राखाडी डोंगराच्या पायथ्याशी, कोटोर दिसतं.

या आखाताला लोक सर्रास फ्योर्ड म्हणतात, जाहिरातींतही तसंच छापलेलं असतं. फ्योर्ड हिमनदी कोरते. बोका हे नदीचं खोरं आहे, समुद्राची पातळी वाढली तेव्हा बुडालेलं. नाव काहीही असो, खुल्या समुद्रापासून इतकं आत आणि इतकं शांत असलेलं बंदर कोणत्याही दर्यावर्दीला हवंहवंसं वाटलं असतं. कोटोरचा सगळा इतिहास या एका गोष्टीतून निघतो.

आमच्या हातात सकाळी आठ ते दुपारी अडीच एवढा वेळ होता. क्रूझवरच्या लोकांसाठी बसच्या सहली होत्या, बेटाची फेरी होती, वाइनची चव घेण्याचा कार्यक्रम होता. मी आणि भाचीने आदल्या रात्रीच ठरवलं होतं की गड चढायचा. ज्याचे गुडघे साथ देतात त्याने कोटोरला बसमध्ये बसू नये, असं माझं ठाम मत आहे. बंदरातले चार-पाच तास गावात फिरूनही छान जातात. पण हे गाव इथे का आहे आणि कसं टिकलं, हे पायांनी वर गेल्याशिवाय कळत नाही.

जहाज आखातात नांगरलं होतं, त्यामुळे टेंडर बोटीने धक्क्यावर आलो. धक्क्यासमोरच शहराचा सागरी दरवाजा. तो 1555 सालचा, व्हेनिसच्या अमलातला. कोटोर 1420 ते 1797 व्हेनिसकडे होतं, आणि व्हेनिसचा पंखवाला सिंह इथे तटावर जागोजागी कोरलेला आहे. त्याच दरवाजावर 21 नोव्हेंबर 1944 ही तारीखही आहे, नाझींच्या ताब्यातून शहर सुटलं त्या दिवसाची. एकाच चौकटीत चार शतकांचा पल्ला. आत गेल्यावर गल्ल्या, चौक, उंबऱ्याउंबऱ्यावर झोपलेली मांजरं. तिथे थांबलो नाही. डोंगर शहराच्या पूर्वेला आहे, म्हणजे सूर्य त्याच्या मागून येतो, आणि सकाळी बऱ्याच उशिरापर्यंत चढाचा भाग सावलीत असतो. जुलैत त्या सावलीचं मोल फार आहे.

उत्तरेकडच्या गल्लीच्या टोकाला चढाची सुरुवात. तिकीट 15 युरो. मॉन्टेनेग्रो युरोपीय संघात नाही, तरी चलन युरोच आहे. रक्कम ऐकून भाची क्षणभर थबकली, “आत्या, एवढ्यात आपला राजगड कितीदा होईल!” पण वर गेल्यावर तिनेच कबूल केलं की साडेचार किलोमीटरची तटबंदी कड्यावर उभी ठेवायची तर पैसा लागणारच, आणि तो पाहायला येणाऱ्यांनीच दिला पाहिजे.

पायऱ्या सुमारे 1350. आकडा ऐकून घाबरण्यासारखं काही नाही. उंची साधारण 260 मीटर. सह्याद्रीत पावसाळी शनिवार-रविवार काढणाऱ्याला हा मध्यम चढ. त्रास देतो तो दगड. हा चुनखडीचा प्रदेश. शतकानुशतकं पावलं पडून पायऱ्यांच्या कडा अशा गुळगुळीत झाल्या आहेत की कोरड्या असूनही चपलेचा तळ सरकतो. आपल्याकडचा काळा कातळ पावसात निसरडा होतो, कोरडा असला की पाऊल घट्ट धरतो. इथे कोरड्यातही भरवसा नाही. पायऱ्यांच्या शेजारून लहान दगड बसवलेला खडबडीत उतार जातो, उतरताना आम्ही तोच धरला. वाटेत तटाच्या सांध्यातून डाळिंबाची रोपं उगवलेली, अंजिराची पानं डोक्याला लागत होती, आणि उन्हाने तापायला लागलेल्या सेजच्या झुडपांचा औषधी वास प्रत्येक वळणावर येत होता. बुरजांच्या आडोशाला बर्फाची पेटी घेऊन पाणी विकणारे बसलेले. वर जाल तसा भाव वाढतो, आणि ते योग्यच आहे. ती पेटी कोणीतरी पाठीवर वर आणलेली असते.

पाण्याचं इथलं गणित अजब आहे. या आखाताच्या मागच्या डोंगरांत त्सर्क्वित्से नावाचं ठिकाण आहे, युरोपातल्या सर्वाधिक पावसाच्या जागांपैकी एक. वर्षाला सरासरी साडेचार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. कोकणातल्या माणसालाही मान डोलवावी लागेल असा. पण चुनखडीत पाणी ठरत नाही. भेगांतून, विवरांतून आत जातं आणि थेट पायथ्याशी झऱ्यांनी बाहेर पडतं. कोटोरच्या दक्षिण दरवाजाशी गुर्दिचचा झरा आहे, उत्तरेला श्कुर्दा नदी. पश्चिमेला समुद्र. तीन बाजूंनी पाण्याचा खंदक निसर्गाने दिला, चौथ्या बाजूला हा डोंगर. वरून पाहिलं की शहराचा त्रिकोण स्पष्ट दिसतो.

हा त्रिकोण पहिल्यांदा नीट दिसतो तो देवळापाशी. चढाच्या साधारण अर्ध्यावर स्वास्थ्यमातेचं छोटं चर्च आहे, 1518 सालचं, प्लेगच्या साथीतून वाचलेल्या लोकांनी बांधलेलं. कोटोरच्या प्रत्येक छायाचित्रात दिसणारा घंटेचा मनोरा तो हाच. बाहेरच्या कठड्यावर लोक फोटोसाठी रांग लावून उभे होते. आम्ही आत गेलो. दोन बाकं, फुलं, नुकतीच विझलेली मेणबत्ती. साथ सरल्यावर हातात काम करण्याइतकं बळ आलेल्या माणसांनी सगळ्यात आधी जे केलं असेल ते हे: एवढ्या चढावर दगड चढवून आभार मानणं. पाचशे वर्षांनंतरही तिथे कोणी ना कोणी मेणबत्ती लावतं. मला संबंध गडापेक्षा त्या खोलीत जास्त वेळ थांबावंसं वाटलं, आणि थांबले.

पुढचा टप्पा मोकळा. बहुतेक पर्यटक देवळापासून परततात, त्यामुळे वाटेवर आम्ही आणि पाली. इथून तट नीट वाचता येतो. आपल्या डोंगरी किल्ल्यावर तटाच्या आत माणसं राहत, वाडे असत, बाजार असे. इथे वस्ती खाली, समुद्राच्या पातळीवर. आणि तरी तटाची दोन टोकं शहराच्या दोन्ही कोपऱ्यांतून निघून ओसाड कड्यावर चढत जातात आणि शिखरावर एकत्र येतात. जागोजागी वीस मीटरपर्यंत उंच, काही ठिकाणी सोळा मीटर जाड. मधल्या जागेत घर नाही, शेत नाही, झाडीही बेताचीच. एवढा चुना-दगड रिकाम्या उतारासाठी का खर्च केला? कारण या उतारावर जो बसेल त्याला खालची प्रत्येक गच्ची, प्रत्येक विहीर, प्रत्येक गलबत हाताशी मिळतं. डोंगर शत्रूकडे गेला तर शहराचे दरवाजे लावून काही उपयोग नाही. म्हणून डोंगरच तटाच्या आत घेतला.

आणि ते फळलं. 1539 मध्ये बार्बारोसाच्या ऑटोमन आरमाराने आखाताच्या तोंडावरचं हेर्त्सेग नोवी जिंकलं, पण कोटोर त्याला मिळालं नाही. 1657 मध्ये ऑटोमनांनी पुन्हा वेढा दिला, दोन महिने. पुन्हा हात हलवत परत गेले. तेच 1657 साल, ज्यात शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि स्वराज्याला खाडीचं पाणी लागलं. जगाच्या दोन किनाऱ्यांवर दोन सत्ता एकाच वेळी डोंगर आणि समुद्र यांची सांगड घालत होत्या, हे त्या चढावर आठवलं आणि दम लागलेला असूनही मी भाचीला थांबवून सांगितलं.

शिखरावर संत योहानाचा बालेकिल्ला. छत गेलेल्या खोल्या, पडक्या भिंतींतून उगवलेलं गवत, निशाणाचा खांब. खाली आखात दोन्ही बाजूंना वळलेलं. पण माझी नजर मागे गेली. बालेकिल्ल्याच्या मागे एक घळ आहे आणि घळीपलीकडे डोंगर तसाच वर चढत जातो, किल्ल्याहून कितीतरी उंच. भाचीनेही तेच पाहिलं. “आत्या, हा तर वज्रगड झाला.”

पुरंदरच्या वेढ्याची हकिगत मराठी ट्रेकरच्या रक्तात असते. 1665 मध्ये मिर्झाराजे जयसिंग आणि दिलेरखानाने आधी शेजारचा वज्रगड घेतला, तिथे तोफा चढवल्या आणि पुरंदरवर मारा सुरू केला. गडाच्या शेजारची उंच जागा ही गडाची कायमची चिंता. कोटोरमध्येही नेमकं तेच घडलं. नेपोलियनच्या काळात शहर फ्रेंचांकडे होतं. ब्रिटिश नौदलाचा कप्तान विल्यम होस्ट 1813 च्या अखेरीस आखातात आला आणि त्याने जहाजावरच्या तोफा दोरखंड आणि कप्प्या लावून, थंडीपावसात, किल्ल्याच्या वरच्या डोंगरावर चढवल्या. तिथून तोफ येईल असं कोणाच्या मनात नव्हतं. जानेवारी 1814 मध्ये फ्रेंचांनी शहर सोडलं. तो उतार डोळ्यांनी पाहिल्यावर त्या खलाशांविषयी काय बोलावं ते सुचेना. रिकाम्या हातांनी चढायलाही तिथे धड पाय ठेवायला जागा नाही.

तटाला मागच्या बाजूने एक खिडकी आहे. तिच्यातून पलीकडे उतरलं की श्पिल्यारीची वाडी: संत जॉर्जचं जुनं चर्च, एक-दोन घरं, शेळ्या, आणि झाडाखाली घरचं चीज आणि डाळिंबाचा रस. भाची जाऊन चीजचा तुकडा घेऊन आली. खारट, घट्ट, भाकरीबरोबर छान लागलं असतं. तिथूनच डोंगरावर सत्तरहून अधिक नागमोडी वळणांची जुनी वाट जाते, कोटोरची शिडी. गाडीरस्ता होण्याआधी मॉन्टेनेग्रोची जुनी राजधानी त्सेतिन्ये आणि समुद्र यांना जोडणारी वाट हीच. माणसं आणि खेचरं सगळा माल तिच्यावरून नेत. दिवस हाती असता तर मी तीच धरली असती.

वरून आपलं जहाज पाहिलं तेव्हा एक गोष्ट खटकली, आणि ती लिहिलीच पाहिजे. ते तटाच्या आतल्या सगळ्या शहराएवढं लांब दिसत होतं. त्याच्यामागे दुसरं, तितकंच मोठं, आखातात येत होतं. 15 एप्रिल 1979 च्या भूकंपाने हे शहर हादरलं, इमारती फुटल्या. त्याच वर्षी युनेस्कोने कोटोरचा परिसर जागतिक वारसा म्हणून घेतला आणि सोबतच धोक्यातल्या वारशांच्या यादीतही टाकला. त्या यादीतून बाहेर यायला 2003 उजाडलं. एवढ्या कष्टाने एकेक दगड परत बसवलेल्या गल्ल्यांत एकाच सकाळी हजारो माणसं उतरतात. एका दिवशी किती जहाजांना परवानगी द्यायची याची मर्यादा कडक हवी, मग माझ्यासारखीला एखाद्या वर्षी जागा मिळाली नाही तरी चालेल. 2017 मध्ये कोटोरची तटबंदी व्हेनिसच्या संरक्षण-बांधकामांसोबत पुन्हा वारसा यादीत आली. 2025 मध्ये आपले बारा किल्ले त्या यादीत गेले. राजगडाच्या पद्मावती माचीवर किंवा सिंधुदुर्गाच्या धक्क्यावर उद्या गर्दी वाढेल तेव्हा काय करायचं, हे ठरवण्याआधी आपल्या लोकांनी कोटोर पाहून यावं.

उतरताना ऊन कड्यावर आलं होतं. गावात वेळ थोडाच उरला. संत त्रिफुनचं कॅथेड्रल पाहिलं, 1166 सालचं. 1667 च्या भूकंपात मनोरे पडले आणि नवे बांधावे लागले.

धक्क्यावर जहाजाच्या लोकांनी तंबू ठोकून गार पाणी आणि ओले रुमाल ठेवले होते. पाणी देणारा मुलगा आमचं बोलणं ऐकून हसला. वेंगुर्ल्याचा निघाला.

“ताई, वर जाऊन इलास?”

“हो, अगदी वरपर्यंत. तू गेलायस?”

“मी ह्या बंदराक कितीदा इलंय, पण वर जाऊक गावला नाय. टेंडर असले की आमचा काम धक्क्यार.”

भाची म्हणाली, “दादा, देवळापर्यंत तरी जा. अर्धा तास वर, वीस मिनिटं खाली.”

“देऊळ? कोणाचा?”

“आईचं. साथीतून वाचलेल्या लोकांनी बांधलेलं.”

“मग जाऊकच व्हया.” त्याने लगेच हिशोब मांडला. सप्टेंबरात जहाज थेट धक्क्याला लागणार होतं, त्या दिवशी त्याला दोन तास मोकळे मिळणार होते. भाचीने बंदराच्या नकाशामागे सागरी दरवाजा, चौक आणि पायऱ्या कुठे सुरू होतात ते काढून दिलं. मी खाली लिहिलं: सकाळीच जा, बूट घाल, आणि उतरताना पायऱ्या सोडून शेजारचा उतार धर.